मेण्यातली मोटार

“चाची, तुमच्या हाताले मेंदी चढते का वो?”

गोमतीनं विचारून टाकलं. एका दमात, भात्याच्या फुसफुशीवर आवाज चढवून. मागं लिंबाच्या बुंध्याआड कमली आणि हलिमा एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. शाळेची मधली सुटी झाली की पांगरखेड्याची पोरं मेहरबीच्या भट्टीवरून जाताना पाय उचलायची, कारण ती बाई घन मारायची, पुरुषासारखी खाकरायची आणि कोणाकडं पाहिलं की पाहतच राहायची. “तू लय धीटाची ना गोमते? मंग इचार जा तिले,” असं कमली म्हणाली आणि गोमती निघाली. सातवीत आल्यापासून तिला नाही म्हणणं जमतच नव्हतं. मास्तरांनी फळ्यावर उदाहरण घातलं की हात वर तिचा, कविता म्हणायची तर आवाज तिचा, आणि चिंचेच्या शेंड्यावर चढायचं तर परकर खोचून पहिली तीच.

मेहरबीनं मान वर केली नाही. ऐरणीवर नांगराचा फाळ होता. तिनं त्याला ठोके घातले, उलटा केला, पुन्हा घातले, सांडशीनं उचलून कुंडीत बुडवला. छन्न झालं. वाफेतून तिचं तोंड दिसलं, रुंद, घामानं चकाकणारं. पदर कमरेला आवळलेला, हात कोपरापर्यंत काळे.

“कोनाची तू?”

“जगदेव भोयाची. घाटावरची.”

“अस्सं.” मेहरबीनं फाळ पाण्यातून काढून उजेडात धरला. “उत्तर पाह्यजे?”

“व्हय.”

“मंग भाता ओढ. अथी फुकट काई भेटत नाई, उत्तर बी नाई.”

गोमतीनं भात्याकडं पाहिलं, त्या बाईच्या दंडाकडं पाहिलं, आणि जी पळत सुटली ती शाळेच्या ओट्यावरच थांबली. मागून मेहरबीचा आवाज आला, “त्या लिंबाच्या आडच्या दोघीयले बी घेऊन येजो!”

तिघी पोट धरून हसल्या. भट्टीच्या दारातल्या बाजेवर मेहरबीचा नवरा बदरुद्दीन मिस्त्री बसला होता. तो कारंज्याच्या कापसाच्या जिनात मिस्त्री होता. डोळे गेले तेव्हा बायकोला घेऊन गावी परतला. तोपर्यंत त्याच्या हातातलं सगळं मेहरबीच्या हातात आलेलं होतं. तोही बसल्या जागी हसत होता, पण ते पोरींनी पाहिलं नाही.

*

शाळा सुटल्यावर गोमती घाटाची पायवाट उतरू लागली. भादवा लागलेला, काळी माती पायाला घोट्यापर्यंत धरून ठेवायची. बाभळीच्या राईपाशी आलं की नावेच्या मोटारीची फट्‌फट् ऐकू यायची आणि तिचे पाय आपोआप त्या तालावर पडायचे. आज राईपाशी फक्त पैनगंगेचा आवाज होता. गढूळ, भरलेला.

ती पळाली.

नाव काठाला ओढून ठेवली होती. बाप आत मोटारीपाशी उकिडवा बसला होता आणि माय, प्रयागबाई, काठावर दोर धरून.

ही मोटार म्हणजे घरातलं माणूस होतं. लढाई संपल्यावर मुंबईत कुठल्याशा लाँचीचं सामान लिलावात निघालं, त्यातून घाटाचे ठेकेदार मदनसिंग यांनी ती आणली. दोन्ही काठच्या लोकांनी, अलीकडच्या वऱ्हाडातल्या आणि पलीकडच्या मोगलाईतल्यांनीही, तिच्यापुढं नारळ फोडले. त्याच्या आदल्या वर्षी पुरात जगदेवची काठी गाळात अडकली होती आणि नाव पुढं गेली, खांदा मागं राहिला. तेव्हापासून त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. काठी रेटायला हात लागतो. मोटारीला कान लागतो. जगदेवनं महिन्याभरात तिचा खोकला, तिचा रुसवा, तिची भूक सगळं ओळखून घेतलं. मोटारीनं त्याला त्याचा घाट परत दिला होता.

“काय झालं बा?”

“पाय फुटला.”

गोमती नावेत उतरली. मोटार नावेच्या बुडावर चार बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, पायांवर बसवलेली होती. त्यातला मागचा एक पाय पार वरपर्यंत उकलला होता, पिकल्या कवठासारखा. भर धारेत मोटार एका अंगाला कलली, नावेत बाया होत्या, तान्ही होती. जगदेवनं मोटार बंद केली आणि त्याच मोडक्या खांद्यानं काठी मारत नाव काठाला आणली. आता तो खांदा सदऱ्याआडून उशीसारखा सुजलेला दिसत होता.

“मदनसिंग येऊन गेले,” माय म्हणाली. “घोड्यावरून उतरले बी नाई.”

“काय म्हने?”

बापच बोलला, मोटारीकडं पाहत. “म्हने, मुंबईवरून पाय आनाले दिवाळी उजाडते. महालक्ष्म्यायले दोन्ही काठच्या लेकीबाया माहेरी येतात, त्यायले काय मी खांद्यावर बसवून नेऊ? महालक्ष्म्यायच्या आधी मोटार चालू झाली तर घाट तुया. नाई तर तिकडच्या काठचा भोई लावतो. त्याचे दोन्ही खांदे शाबूत हायेत म्हने.”

शेवटचं वाक्य त्यानं हळू म्हटलं.

“नाई जमलं तर कारंज्याले जाऊ,” माय म्हणाली. “माहा भाऊ जिनात हाये. तिघायले काम भेटन.”

“आन् माही शाया?”

“रुई भराले शाया कायले लागते माय?”

मायनं रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. गोमतीनं त्या उकललेल्या पायात बोट घातलं. बोटाची कड आत गेली. तिला भट्टी आठवली, छन्न आठवलं, पाण्यातून काढलेला फाळ उजेडात धरणारे ते काळे हात आठवले. आणि कानापर्यंत लाली चढली.

“बा,” ती म्हणाली, “मेहरबी चाचीले इचारू ना.”

“तुई वयख हाये तिच्यासंग?”

“हाये थोडीशी,” गोमती म्हणाली.

*

सकाळीच निघायचं ठरलं, पण चिखलात गाडी चालत नव्हती. बैल पोटापर्यंत रुतायचे. तेव्हा जगदेवनं आढ्याला टांगलेला जुना मेणा खाली काढला. भोयांचा मेणा. त्याच्या आज्यानं त्यातून नवऱ्या वाहिल्या होत्या. दांडा अजून शिसवासारखा गुळगुळीत. मोटार नावेतून सोडवली, गोणपाटात गुंडाळली आणि मेण्यात बसवली. भाऊबंदातले तिघं आले, चौथा खांदा जगदेवचा.

“डावा लावजो गा,” एकानं सांगितलं.

“डावाच लावला.”

मेणा उचलला तशी दांड्यानं कुरकूर केली. चिखलातून चार भोई एका तालात निघाले, ‘हुं-हुं, हुं-हुं,’ आणि मागून गोमती दप्तर डोक्यावर घेऊन. वाटेत खुरपणीच्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“कोनाची नवरी नेऊन राह्यले वो भोईदादा?”

“मोटारबाईची पाठवनी हाये!” पुढचा भोई ओरडला. “लंगडी हाये म्हनून सासऱ्यानं वापस धाडली!”

बाया हसल्या. जगदेवही हसला, पण गोमतीनं पाहिलं की त्याच्या मानेवरची शीर दोरासारखी ताणली होती आणि दांड्याखालचा डावा खांदाही आता कापत होता. तिनं दप्तर पाठीला बांधलं, मेण्याखाली शिरली आणि मागून दोन्ही हातांनी वर रेटू लागली. बापानं मागं पाहिलं नाही. चाल मात्र थोडी सरळ झाली.

भट्टीशी मेणा उतरला. मेहरबी बाहेर आली. तिनं मोटार पाहिली, भोई पाहिले, मग गोमती.

“आली का मेंदीवाली!”

“वयखता तुमी इले, भाभी?” जगदेवनं विचारलं.

“वयखतो ना. मोठी हुशार पोट्टी हाये. मले सवाल इचारून गेली, उत्तर न्यायचं ऱ्हायलं तिचं.”

गोमतीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण भट्टीपुढची जमीन लोखंडाच्या किसानं दगड झालेली होती.

बदरुद्दीन मिस्त्रीला बाजेवरून आणून मोटारीशी बसवलं. त्यानं लहान हातोडीनं चारही पाय वाजवले. टण्ण. टण्ण. टण्ण. चौथा म्हणाला, भद्द.

“हे मेलं नाई अजून,” तो म्हणाला. “जखम वरून खाली नाई गेली, खालून वर आली. खाली काय हाये पाह्य मेहर.”

मेहरबीनं पायाच्या पोकळ तळात बोटं घातली आणि सागाची एक पाचर ओढून काढली. पाणी पिऊन टम्म फुगलेली.

“हे कोन्या हकिमाचं औषध?”

भोई एकमेकांकडं पाहू लागले. जगदेवचा चेहरा उतरला. “म्या ठोकली. मोटार थरथर करे, मले वाटलं पाय ढिल्ला झाला. नावेची फट अशीच बुजवतो आमी. लाकूड पानी पेते, फुगते, आन् फट बंद.”

“नावेची बंद होते. बिडाची उघडते.” मेहरबीनं पाचर भट्टीत फेकली. “लोखंड वाकते, तानते, समजून घेते. बीड नाई घेत. बीड म्हंजे हट्टी मानुस. वाकत नाई, एकदम फुटते. त्याले ना आतून रेटाव, ना त्याच्यावर थंड पानी टाकाव.”

जगदेवला ऐकून घ्यावं लागलं. भाऊबंदांपुढं, एका बाईकडून, आणि तेही खरं! तो मेण्याचा दोर उगाच सोडू-बांधू लागला. गोमतीला त्याच्याकडं पाहवेना. ती सरळ भात्यापाशी गेली आणि साखळी धरली.

“जोडसान ना चाची?”

मेहरबीनं तिच्याकडं पाहिलं. तेच पाहणं, ज्याला सगळी शाळा भ्यायची. जवळून ते वेगळंच होतं. वाण्याच्या तराजूसारखं.

“ओढ,” ती म्हणाली.

*

भाता ओढणं म्हणजे काय ते गोमतीला त्या दिवशी, शाळा बुडवून, कळलं. साखळी खाली ओढली की कातडं पोटभर फुगे, सोडली की निखारे श्वास घेत. पण ओढायचं दमानं. घाईनं ओढलं तर निखारे नुसते उडतात. “नदीत काठी मारतो ना तुया बाप, तसं,” मेहरबी म्हणाली. “झटका नाई. लांब.” तेव्हा जमलं. दुपारपर्यंत तळहात लाल झाले, संध्याकाळी फोड आले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ती पुन्हा आली आणि फोड फुटले. हाताला चिंधी बांधून तिनं साखळी धरली.

पण हात दुखतात हे लक्षात राहायला वेळ कुठं होता! मेहरबीचं काम पाहणं म्हणजे गोष्ट ऐकण्यासारखं होतं. पुढं काय होईल याची हुरहूर. आधी तिनं मोटारीचं वरचं सामान उतरवून कपड्यावर मांडलं. ते मांडायला तिनं जगदेवलाच बसवलं, “कोन कोनाच्या बाजूला बसते ते तुले ठाव.” मग चीर जिथं संपत होती तिथं, अगदी तिच्या टोकाला, तिनं बर्मा लावला. बर्म्याचं बूड छातीला टेकवून ती हळूहळू फिरवू लागली.

“फुटलेल्याले अजून भोक काहून पाडता?” गोमतीनं न राहवून विचारलं.

“लुगडं फाटत चाललं तर फाट थांबवाले माय काय करते तुई?”

“टोकाले टाका घालते.”

“मंग? चीर पयत जाते, पयत जाते, आन् गोल भोकात येऊन पडली का तिले पुढची वाटच दिसत नाई.” मेहरबीनं बर्मा काढून फुंकर मारली. किसाची काळी धूळ उडाली. “हा टाका झाला.”

मग चिरेच्या दोन्ही अंगाला समोरासमोर भोकं पाडली. आणि मग तिनं कोपऱ्यातून बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव काढली. वर्षानुवर्षं वाटा तुडवून तिचं लोखंड झिजलं होतं, गुळगुळीत झालं होतं. “नवं लोखंड बोलते लय,” मेहरबी म्हणाली. “हे चाललेलं हाये. हे टिकते.” ती धाव तिनं लाल केली, तोडली, ठोकली, आणि दोन पायांच्या खिळ्यासारखे आकडे बनवले. एक पाय चिरेच्या या अंगाच्या भोकात जाईल, दुसरा त्या अंगाच्या. आकड्याचं माप तिनं दोऱ्यानं घेतलं. घेतलं आणि पुन्हा केसभर कमी केलं.

“आखूड झाला चाची!”

“झाला नाई, केला. चाकाले धाव कशी चढवते पाह्यलं ना? थंड असली तर धाव चाकाहून लहान. तापवली का मोठी होते, चाकात बसते. मंग थंडी झाली का?”

“आवयते!” गोमती ओरडली. “आकडा थंडा झाला का दोन्ही कडा एकमेकायकडं ओढीन!”

बाजेवरून बदरुद्दीन मिस्त्री म्हणाला, “मेहर, हे पोट्टी तुया धंदा बुडवते पाह्य.”

“बुडवू दे. बुडवाले बी कोनी आलं पाह्यजे ना अथी.”

ती सहज बोलून गेली आणि लगेच घन उचलला. पण गोमतीनं ते ऐकलं होतं. मेहरबीला लेक नव्हती, लेकही नव्हता. ते काळे हात, ते दोऱ्याचं माप, ते चिरेच्या टोकाचं भोक, हे सगळं या दोघांबरोबरच या भट्टीत विझणार होतं.

कमली आणि हलिमा रोज लिंबाशी येऊन उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी हलिमा हळूच म्हणाली, “गोमते, आमी बी ओढू का थोडंसं?”

“रांगेनं येजा,” गोमती म्हणाली, आणि तिचा आवाज हुबेहूब मेहरबीसारखा निघाला.

*

आकडे बसवायचा दिवस आला तेव्हा अर्धा गाव भट्टीपुढं जमला. मेहरबीनं पहाटेच मोटारीच्या पायाभोवती विटा लावून, गोवऱ्या रचून मंद धग लावली होती. जगदेव सकाळपासून काहीतरी करायला शोधत होता. तो लाकडं आणी, गोवऱ्या सरकवी, माश्या हाकली. गावचे बाप्ये नेहमीसारखे पाण्याच्या बादल्या घेऊन आले होते. गाडीच्या चाकाला धाव चढवताना असंच करतात. लाल धाव चाकावर बसली की चहूकडून पाणी, धूर, वाफ, पोरांचा कालवा, आणि धाव आवळून चाक करकरतं. कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांच्या हातात बादली असतेच. जगदेवनंही सवयीनं एक भरून ठेवली.

“ओढ!” मेहरबी ओरडली. गोमतीनं भाता लावला. लांब, दमानं. आकडा लाल झाला, मग केशरी, मग उन्हासारखा. मेहरबीनं सांडशीनं उचलला, वाकली, दोन्ही पाय दोन्ही भोकांत अचूक शिरवले आणि घन घातला. एक, दुसरा. आकडा बसला. ती मागं न पाहता दुसरा घ्यायला वळली.

आणि गोमतीनं पाहिलं की बापानं बादली उचलली.

त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड होता. आता माझं काम, आता पाणी, पाण्याचं मला कळतं, असं सगळं त्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्याच्यामागं बाकीच्या बादल्याही उचलल्या गेल्या.

“बा, पानी नको!”

घनाच्या आवाजात ते बुडालं. साखळी सोडून गोमती धावली. ऐरण ओलांडली, गोवऱ्यांवरून उडी टाकली आणि दोन्ही हात पसरून मोटारीपुढं उभी राहिली. बादलीभर पैनगंगा तिच्या तोंडावर आली. नाकात गेली, पोलक्यात गेली. चार थेंब बाजूच्या तापल्या विटेवर पडले आणि वीट तडाक्‌कन दोन झाली.

ते सगळ्यांनी ऐकलं. बादल्या आपोआप खाली झाल्या.

मेहरबी दुसरा आकडा घेऊन उभी होती. तिनं फुटकी वीट पाहिली, थबथबलेली पोरगी पाहिली. “भाता कोन ओढन?” ती म्हणाली. “तुया काका?”

गोमती नाक पुसत भात्याकडं पळाली. उरलेले आकडे एकामागून एक बसले. मग मेहरबीनं सगळ्या पायावर गरम राख ओतली, थापली, लेकराला पांघरूण घालावं तशी. “आता निजू द्या. आपल्या मनानं थंडा होईन तो.”

लोक पांगले. जगदेव लिंबाखाली जाऊन बसला. रिकामी बादली मांडीवर. गोमती त्याच्याजवळ ओली तशीच बसली.

“पह्यले पाचर, आता हे,” तो म्हणाला. “माह्याच हातानं दोनदा मारत होतो तिले.”

गोमतीनं बादली त्याच्या मांडीवरून काढून खाली ठेवली. मेहरबीनं ते लांबून पाहिलं. ती सांडशी घेऊन तिथं आली आणि जमिनीवर फतकल मारून बसली.

“जगदेव, पाय मी जोडला. पन नाव मले काय समजते? बिडाच्या पायाखाली लाकूड पाह्यजे. सपाट, जे नंतर फुगनार नाई आन् आटनार नाई. असं लाकूड तुयापाशी हाये का?”

जगदेवनं मान वर केली. “फुगनार नाई म्हंजे... आधीच फुगलेलं पाह्यजे.”

“तेच इचारून राह्यली मी.”

“बुडाची जुनी फयी हाये. बापाच्या काळची. पान्यातच हाये कवापासून. जितकी फुगाची तितकी फुगली. ओलीच तासली, ओलीच बसवली तर केसभर बी हालनार नाई.” तो उठला. “मी तासतो. डाव्या हातानं रंधा मारता येते मले.”

तो घाटाकडं निघाला तेव्हा बादली घ्यायचीसुद्धा विसरला. मेहरबीनं गोमतीकडं पाहून एक डोळा बारीक केला. घन मारणाऱ्या बाईला डोळाही मारता येतो, हे गोमतीनं मनात नीट ठेवून दिलं.

*

राख काढली. पायावर आकडे टाक्यांसारखे दिसत होते आणि त्यांच्यामधली चीर आता केसासारखी, शोधावी लागणारी. बदरुद्दीन मिस्त्रीनं हातोडी टेकवली.

टण्ण.

म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा वाजवलं, नुसतं ऐकायला.

“हात दाखव,” मेहरबी गोमतीला म्हणाली. गोमतीनं चिंध्या सोडल्या. तळहात सोललेले, कडेला नवं कातडं जाड होत आलेलं. मेहरबीनं परसातल्या झाडाचा मेंदीचा पाला पाट्यावर वाटला आणि तो हिरवा गारगार गोळा तिच्या दोन्ही तळहातांवर थापला. आग अशी विझली की गोमतीचे डोळे मिटले.

मग मेहरबीनं स्वतःचे हात राखेनं घासून घासून धुतले. काळं उतरलं. खाली तळहात होते, लालभडक, कडेपेक्षा घट्ट्यांवर गडद, निखाऱ्यासारखे.

“दर ईदले लावतो मी. हे पाह्य तुया सवालाचं उत्तर. नाजूक हाताची मेंदी आठ दिसात जाते. घट्ट्यावर सगळ्यात जास्त चढते आन् उतराचं नाव घेत नाई. सांग जा तुया मैतरनीले.”

*

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मोटार नावेत बसली. ओल्या फळीवर, जशी काही तिथंच उगवली होती. मदनसिंग काठावर घोडा धरून उभे होते. जगदेवनं चाक फिरवलं. मोटार खोकली, रुसली, आणि फट्‌फट् सुरू झाली.

“बसा ना भाभी,” जगदेव म्हणाला.

मेहरबीनं नावेत पाय ठेवला आणि नाव जराशी डुलली. आख्ख्या पांगरखेड्याला जिची भीती, ती बाई दोन्ही हातांनी काठ धरून मटकन खाली बसली. “अगा हळू! मले पोयता येत नाई! या अल्ला, कितीक पानी हाये हे!”

“काय भाभी,” जगदेव म्हणाला, “तुमी बी बिडाच्याच का? पान्याले भेता?”

आणि तो हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून. गोमतीनं हे हसणं खांदा मोडल्यापासून ऐकलं नव्हतं. मेहरबीनं डोळे घट्ट मिटूनच त्याला एक शिवी दिली आणि स्वतःही हसू लागली.

भर धारेत नाव थरथरली नाही. पलीकडं लेकीबाया पेटाऱ्या, लेकरं घेऊन रांगेत उभ्या होत्या. पहिली खेप घेऊन नाव परतली तेव्हा मदनसिंग घोड्याला झाडाला बांधून स्वतः खाली आले, चिखलात. वाकून त्यांनी त्या पायावर हात फिरवला, आकडे बोटांनी चाचपले.

“मुंबईवाल्यानं बी इतका निगुतीनं नसता केला,” ते म्हणाले. मग जगदेवकडं वळून, जरा घसा साफ करून, “घाट तुयाच हाये. तुयाच होता.”

*

संध्याकाळी प्रयागबाई महालक्ष्म्यांसाठी आंबील ढवळत होती. गोमती ताट घ्यायला पुढं झाली तशी तिनं मनगट धरलं. तळहात उजेडाकडं फिरवला. भगवा, गडद, भडक.

“हे मेंदी कायची वो? कोनी पाह्याले येऊन राह्यलं का तुले, मले ठाव नसता?”

“चाचीनं लावली. फोडायवर.”

“बास झाला आता तो भाता. काम झालं ना? भोयाची पोट्टी लोहाराच्या भट्टीवर, लोकं काय म्हनतीन?”

जगदेव ओसरीवर मेण्याचा दांडा तेलानं पुसत होता. त्याचा हात थांबला. गोमतीनं ताट खाली ठेवलं.

“माय, बा, आयका. शाया मी सोडनार नाई. आन् शाया सुटली का रोज चाचीच्या भट्टीवर जानार. पह्यले भाता, मंग बर्मा, मंग घन. दोन वर्सात या मोटारीचा दुसरा कोनताबी पाय फुटू दे, तो मी जोडीन. चाचीचं काम तिच्यासंग इझू देनार नाई मी.”

“आन् आमी नाई म्हनलं तर?” माय म्हणाली.

गोमतीनं दोन्ही तळहात त्यांच्यापुढं धरले.

“मी इचारून नाई राह्यली माय,” ती म्हणाली. “सांगून राह्यली.”